राखेची वीट आणि खानदेशातील ऊन

खानदेशातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती विटेसाठी मुळातच फारशी योग्य नाही. शिवाय शेताचा कसदार वरचा थर भट्टीत घालणे हे न भरून निघणारे नुकसान आहे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळून उरणाऱ्या राखेची वीट मात्र भट्टीवाचून तयार होते.

वजनाने साधारण ५५ भाग राख, ३५ भाग खडी क्रशरची कच आणि १० भाग सिमेंट असे प्रमाण सुरुवातीला धरावे आणि चाचणीनंतर त्यात फेरफार करावा. राख कोरडी व पिठासारखी बारीक असावी. न जळलेल्या कोळशाचे कण असलेली काळपट राख घेऊ नये. कचेऐवजी काही प्रमाणात पाडकामातील जुन्या विटांचा चुरा चालतो. आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळत असत, तेव्हा ही युक्ती नवी नाही. मात्र पाडकामाच्या चुऱ्यातले प्लास्टिक, लाकूड आणि विशेषतः पीओपीचे तुकडे निवडून काढावेत, कारण पीओपीतील सल्फेटमुळे वीट पुढे फुगून तडकू शकते. चुरा पाणी शोषतो, म्हणून तो आदल्या दिवशी भिजवावा.

सर्व जिन्नस आधी कोरडे कालवून मग थोडे थोडे पाणी घालावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, पण तळहात ओला होऊ नये. राख हाताळताना नाकातोंडावर मास्क हवाच. त्यानंतर यंत्रावर दाब देऊन विटा पाडाव्यात.

खरी कसोटी यापुढे असते. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना सुटतो, राखेतील सिलिका त्याच्याशी सावकाश जुळते आणि विटेला पुढची बळकटी येते. ओल संपली की ही क्रिया थांबते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे इतरत्र पुरेसे ठरणारे दिवसातून दोनदा पाणी मारणे येथे पुरत नाही. पहिला दिवस विटा सावलीत न हलवता ठेवाव्यात. पुढे किमान १४ दिवस, शक्यतो २१ दिवस, थप्पीवर ओले गोणपाट घालून ते वाळण्यापूर्वीच पुन्हा भिजवत राहावे. पाण्याची टंचाई असेल, तर ओघळणारे पाणी नाळीने हौदात परत घ्यावे. पाणी वाचवण्यासाठी दिवस कमी करू नयेत.

शेवटी प्रत्येक घाण्यातील काही विटा पूर्ण वाळवून वजन करावे, २४ तास बुडवून पुन्हा वजन करावे आणि दाबक्षमता प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. वजनातील वाढ सरासरी २० टक्क्यांहून अधिक निघाल्यास ती थप्पी बांधकामाला देऊ नये.