एका सर्व्हे नंबरवरून गावाची शंभर वर्षं कशी वाचावीत

गावाचा इतिहास लिहायला बसलं की बहुतेक जण देवळाच्या शिलालेखापासून सुरुवात करतात, नाहीतर तालुक्यातल्या सत्याग्रहींची यादी काढतात. माझा सल्ला जरा कोरडा वाटेल. गावातला जमिनीचा एकच तुकडा धरा आणि त्याचे फेरफार, म्हणजे मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी, उलटे वाचत जा. इंग्रजी अमलातली मोजणी, वतनदारी, सावकारी, कूळकायदा, सोसायटी, लेकींचा वाटा या सगळ्याची खूण त्या एका वहीत पडलेली असते. कायदा मुंबईत मंजूर झाला ती तारीख वेगळी आणि तो तुमच्या गावच्या बांधावर पोचला ती तारीख वेगळी. या दोन तारखांमधलं अंतर शोधायचं आहे.

तुकडा निवडताना

स्वतःच्या भाऊबंदकीतली जमीन घेऊ नका, डोकं ठिकाणावर राहत नाही. ज्या रानाला नाव आहे ते घ्या. पारावरच्या जुन्या माणसांना विचारलंत की पाटीलकीचा मळा, कुलकर्ण्याची पट्टी, हाडकी-हाडोळा (महार वतनाची जमीन), देवाचं इनाम अशी नावं आपोआप निघतात. यातलं एक घ्या, जमलं तर वतनाचं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात घराण्याला दिलेलं. वतनाच्या जमिनीवर कागद जास्त साचतो.

कागद कुठे मिळतो

आधी आजचा सातबारा काढा. भोगवटादाराच्या (जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्या) नावाजवळ फेरफार क्रमांक असतो, त्या क्रमांकाचा फेरफार म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद. तिच्यात आधीच्या धन्याचं नाव मिळतं आणि तिथून एकेक पायरी मागे जाता येतं. संगणकावरचा सातबारा फार मागचं दाखवत नाही, म्हणून हस्तलिखित सातबारे मागा. त्यात कंसात टाकलेलं नाव दिसलं तर ते कमी झालेलं नाव समजा. आपल्याला अशी कंसातली माणसंच हवी आहेत.

जुने फेरफार तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. काही जिल्ह्यांचे स्कॅन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही आहेत. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला, त्यामुळे फेरफारांची साखळी साधारण त्याच सुमारास संपते. त्यामागे जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयात कडईपत्रक (जमीनधारकांची जुनी नोंद) आणि आकारबंद (क्षेत्र व साऱ्याचं पत्रक) मागा. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३० च्या दशकात इंदापूरपासून बसवलेल्या मोजणीचा वारसा तिथे दिसतो: शेताला नंबर, नंबराला आकार म्हणजे सारा आणि आकारासाठी जबाबदार एक नाव. घराण्याची आणि गावकीची जमीन कागदावर 'एका माणसाची' होते ती इथे.

मध्येच गट नंबर आडवा येईल. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांचे सर्व्हे नंबर मोडून गट पडले. जुना नंबर आणि गट जोडणारं एकत्रीकरणाचं पत्रक आधी मिळवा, नाहीतर दुसऱ्याच्याच शेताचा इतिहास लिहून बसाल.

मराठवाड्यात निजामी अमलातला कागद उर्दूत असू शकतो, आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक (शेतवार नोंदींचं पत्रक) हा तिथला मोठा आधार. सारा वसुलीसाठी नागपूरकडे मालगुजारी होती, कोकणात खोत. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असतात. महिनाभर रोज अर्धा तास दिलात तर मोडी डोळ्याखालून जाऊ लागते. शिकवणारे वर्ग आहेत, पण खरा सराव नोंदी वाचूनच होतो.

आखूड अक्षरं

'महादू वल्द रामा' म्हणजे रामाचा मुलगा महादू. 'सखू कोम रामा' म्हणजे रामाची बायको सखू. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वारस लहान असल्याने त्याच्या वतीने नाव लागलेला माणूस. सगळ्यात फसवं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव थोरल्या भावाचं दिसतं, जमीन सगळ्यांची असते. ही तीन अक्षरं पुढच्या पिढीत नोंद उतरवताना गळाली की तिथूनच भांडण सुरू होतं. कोणत्या साली गळाली ते टिपून ठेवा.

कायद्याची तारीख, नोंदीची तारीख

वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे कायदे, उजवीकडे तुमच्या नंबरच्या नोंदी.

सावकारीपासून सुरुवात करा. १२ मे १८७५ ला सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कागदात किती ताकद असते हे त्यांना आपल्याआधी कळलं होतं. त्यामागून १८७९ चा शेतकरी मदत कायदा आला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा. तुमच्या नंबरवर गहाणखत कधी थांबतं आणि सोसायटीचा इकरार, म्हणजे तिच्या कर्जाचा बोजा, कधी चढतो? सोसायटीचे पहिले संचालक कोण होते तेही पाहा. सावकाराच्याच घरातले निघाले तर चकित होऊ नका.

सर्वांत जास्त वेळ कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, द्या. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भाला १९५८ चा कायदा लागू होता, त्यामुळे तिथे तारखा बदलून घ्या. सगळे ५७ सालानंतरचं पाहतात: कलम ३२ग खाली ठरलेली किंमत, मग ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र. तुम्ही आधीची नऊ वर्षं पाहा. 'कुळाने खुशीने कब्जा सोडला' अशा अर्थाच्या नोंदी तिथे सापडतील. गावभरच्या अशा नोंदी मोजा आणि साल टाका. एका गावात इतक्या जणांना एकदम खुशी कशी झाली, हा प्रश्न मग तुम्हीच विचाराल. ३२ग च्या चौकशीत 'कूळ गैरहजर' किंवा 'खरेदी करण्यास राजी नाही' असा शेरा असेल तर तोही त्याच रांगेत लावा.

वतनाचं रान असेल तर डाव्या रकान्यात १८७४ चा वतन कायदा आधी लिहा. महार वतनाची वेठ मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणलं. कनिष्ठ गाव वतनं खालसा करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ मध्ये झाला. उजवीकडे 'नवीन व अविभाज्य शर्त' हे शब्द शोधा. वतनाची जमीन पुन्हा दिली, पण विकायची मोकळीक दिली नाही, असा त्यांचा अर्थ. मग आज तिथे कोणाचं नाव आहे आणि ते कोणत्या परवानगीने लागलं, हेही लिहा.

बायकांसाठी वारसनोंदी पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं दिसू लागतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये त्यांना सहहिस्सेदार केलं. नोंदीत चार बहिणींची नावं लागतात आणि थोड्याच दिवसांत पुढचा फेरफार येतो, हक्कसोडपत्राचा. दोन फेरफारांमधले दिवस मोजा.

कागदात नसलेली माणसं

भूमिहीन या वहीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. १९१८ चं पान मिळालं तर बघा. इन्फ्लुएन्झाच्या साथीतले मृत्यू 'ताप' म्हणून लागलेले असतात.

राजकारणाचा भाग सोपा आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यापासूनचे सरपंच आणि ८अ वरचे (खातेदाराच्या एकूण जमिनीच्या उताऱ्यावरचे) मोठे खातेदार शेजारी शेजारी लिहा. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर महिला सरपंच आल्या, २०११ मध्ये राज्यात महिलांचं आरक्षण वाढून निम्म्या जागांपर्यंत गेलं. आडनावं बदलली की नुसती नावं, ते यादीवरून दिसेल.

शेवटी कागद घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जा. 'काय बदललं' असं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल. 'सत्तावनच्या आधी या रानात नांगर कोणाचा होता?' असं विचारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, पहिल्या दिवशी घरातली पोरं शेजारी बसलेली असतात. हयात माणसांची नावं छापू नका.