मतदार यादीतलं गावाकडचं नाव इकडे आणा

नगर रोडने पुण्यात येणाऱ्या आपल्या बीड-परभणीकडच्या मंडळींना वाघोली सोयीची वाटते. एसटी दारातून जाते, खराडीतल्या कंपन्या जवळ, भाडंही त्या मानाने कमी. मी 2014 साली आष्टीहून आले तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. 30 जून 2021 ला वाघोलीसह 23 गावं पुणे महापालिकेत गेली. पाटी बदलली, पण काही गोष्टी अजूनही आपल्यालाच बघाव्या लागतात.

सगळ्यात आधी पाणी. घर बघायला जाल तेव्हा हॉल-गॅलरी नंतर बघा, आधी खाली टाकीपाशी जा. नळ आहे की बोअर, उन्हाळ्यात रोज किती टँकर लागतात, हे वॉचमनमामांना विचारा, ते खरं सांगतात. महापालिकेचं पाणी येईपर्यंत पुरवठा आम्ही करू, असं हमीपत्र बांधकाम परवानगीच्या वेळी बिल्डरकडून घेतात. घर विकत घेणार असाल तर त्याची प्रत मागून घ्या. आमच्या बिल्डरने ‘बघू, करू’ म्हणत दोन उन्हाळे काढले. प्रत समोर ठेवली तेव्हा कुठे टँकरचे पैसे द्यायला लागला.

टँकरचं पाणी तपासल्याशिवाय घेऊ नका. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय दूषित पाण्यावर आला. तेव्हापासून आमच्या सोसायटीत ओटीची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या औषधाची बाटली असते. पहाटे टँकर आला की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू काचेच्या ग्लासात थोडं पाणी घेतात आणि थेंब टाकतात. पिवळट रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आला नाही तर काकू पाइप टाकीत सोडूच देत नाहीत, ड्रायव्हर कितीही ओरडू दे. औषधाच्या दुकानात ही बाटली मिळते.

कचरा ओला आणि सुका वेगळा द्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. कचरा वेचणाऱ्या बायका तो हाताने वेगळा करतात, एवढं लक्षात ठेवा.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. तुमचं मत अजून गावाकडेच आहे ना? माझंही खूप वर्षं होतं. गल्लीत दिवे लागावेत म्हणून आम्ही साठ सह्यांचं निवेदन एका पुढाऱ्याकडे नेलं होतं. त्याने कागद वाचला आणि शांतपणे विचारलं, ‘यातली इथली मतं किती?’ तिथेच उभ्या उभ्या मोजली. अकरा भरली. बाकीचे सगळे निवडणुकीला गाडी करून गावी जाणारे. त्या दिवशी फार लागलं मला.

नाव हलवायला फॉर्म 8 भरायचा असतो, ऑनलाइनही भरता येतो. घर स्वतःचं असायलाच हवं असं नाही. भाडेकरूला नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. महापालिका पुण्याची असली तरी वाघोली शिरूर विधानसभा मतदारसंघात येते. फॉर्म भरताना तोच निवडा, इथे पुष्कळ जण चुकतात. दोन्ही ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही.

आणि निवडणूक लागल्यावर करू, असं म्हणू नका. 15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान झालं, त्याला 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी धरली होती. वाघोलीकरांनी पहिल्यांदाच नगरसेवक निवडले, तेही एका प्रभागाला चार नगरसेवक, म्हणून एकेका मतदाराने चार मतं देऊन. आमच्या मजल्यावरचं एक तरुण जोडपं ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरून निश्चिंत होतं. मतदानाच्या दिवशी दोघं केंद्रावर यादी चाळून तसेच परत आले.

गावाकडचं नाव काढताना जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. मी फोनवर आण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘लेकरं जिथं शाळेत जातात, तिथंच मत पाहिजे.’

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आम्ही चौघी सोसायटीच्या गेटपाशी टेबल टाकून बसतो. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि भाडेकरार घेऊन या, फॉर्म आम्ही भरून देऊ.