खोट्या तक्रारीवर माफीपत्र लिहून देऊ नका

दुकानात किंवा मॉलमध्ये काउंटरवर नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितोय. नम्र राहा, ऐकून घ्या, आवाज चढवू नका, हे ट्रेनिंगमध्ये सांगून झालेलं असतं. आपली चूक नसताना तक्रार आली तर पुढे काय, यावर मात्र सहसा कुणी बोलत नाही.

खोट्या तक्रारीचा निकाल क्वचितच काउंटरवर लागतो. ग्राहक तावातावाने निघून जातो, दोन-चार दिवसांनी त्याचा ईमेल मुख्य कार्यालयात पोचतो. तिथल्या माणसाने तुम्हाला पाहिलेलं नसतं आणि त्या ग्राहकालाही नाही. त्याच्यासमोर असतात फक्त कागद. त्यामुळे काउंटरवर वाद जिंकलात तरी हाती काही लागत नाही. ग्राहक गेल्यावरची १० मिनिटं मोलाची.

त्या १० मिनिटांत लिहून ठेवा: वेळ, बिल नंबर, कुठलं काउंटर, जवळ कोण होतं, कुठल्या सुपरवायझरला कधी सांगितलं. ग्राहकाचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहा. ‘ग्राहक फार उद्धट होते’ हे तुमचं मत झालं, त्याला वजन नाही. ‘बिल काउंटरवर आपटलं आणि तुझी नोकरी घालवतो म्हणाले’ ही घटना झाली. तुम्ही काय उत्तर दिलंत तेही लिहा, थोडं चिडून बोलला असाल तर तेही.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि तक्रार वर पोचून खाली येईपर्यंत ते पुसलं गेलेलं असू शकतं. म्हणून ‘एवढा भाग जपून ठेवा’ असं त्याच दिवशी सुपरवायझरला लेखी कळवा. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि बिलिंग मशीनचं घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक असू शकतो, तेव्हा बिलाच्या वेळेच्या १५ मिनिटं आधीपासून १५ मिनिटं नंतरपर्यंतचा भाग मागा. कित्येक ठिकाणी आवाज रेकॉर्ड होत नाही, म्हणून तुमचे हात, उभं राहणं, माल कसा पुढे केलात, हेच तिथे दिसतं. बोटं रोखून बोलू नका.

आता खरा सापळा. मॅनेजर कागद पुढे करतात, ‘लेखी खुलासा द्या.’ शेजारचा जुना सहकारी कानात सांगतो, ‘दोन ओळी लिही, चूक झाली, माफ करा, पुन्हा असं होणार नाही. विषय संपला.’ विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. ‘पुन्हा असं होणार नाही’ याचा सरळ अर्थ, एकदा झालं होतं. तो कागद तुमच्या फाइलला लागतो. नोकरी कायम करायची वेळ येते तेव्हा फाइल उघडणाऱ्याला मागची हकीकत ठाऊक नसते, त्याला तुमची सही असलेली कबुली दिसते. पुढे दुसरी कुठलीही तक्रार आली, अगदी फुटकळ, तरी ती ‘वारंवार घडणारा प्रकार’ म्हणून मोजली जाते. हे सगळं एका वाक्यामुळे. असा सल्ला देणारे वाईट नसतात, त्यांना फक्त कटकट मिटवायची असते. पण ज्याच्या फाइलला कागद लागणार नाही, त्याच्या सांगण्यावरून सही करू नये, हे माझं ठाम मत आहे.

खेद व्यक्त करणं वेगळं, चूक कबूल करणं वेगळं. लिहायचं असं: ‘ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल मला खेद आहे. तक्रारीत लिहिल्याप्रमाणे अपशब्द मी वापरलेले नाहीत. प्रत्यक्षात घडलं ते असं.’ पुढे वेळेनुसार घटना, शेवटी पुरावा कुठे आहे ते. एक पान पुरतं. तक्रारीतली एखादी गोष्ट खरी असेल, समजा १० मिनिटं ताटकळावं लागलं, तर तेवढी सरळ मान्य करा आणि बाकीची नाकारा. त्याने तुमचा शब्द पडत नाही, उलट वाढतो. लिहिण्याआधी मूळ तक्रार वाचायला मागा. दुसऱ्या शिफ्टपर्यंत वेळ मागा. आधीच टाइप केलेल्या मजकुरावर सही नको. खुलासा दिल्यावर त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

सुट्ट्या पैशांची तक्रार अंगावर काटा आणते, कारण तिच्यात चोरीचा वास असतो. घाबरू नका, हीच तक्रार पुराव्याने सुटू शकते. नोट घेताना रक्कम मोठ्याने म्हणा, नोट गल्ल्यात न टाकता बाहेर दिसेल अशी ठेवा, सुट्टे ग्राहकाच्या हातात मोजून द्या, मगच नोट आत. तरीही ‘मी मोठी नोट दिली होती’ म्हणालाच, तर खिशातून पैसे घालू नका. सुपरवायझरला बोलवा, काउंटर थांबवा, एक्स रिपोर्ट काढा (दिवस बंद न करता निघणारा मधला हिशेब) आणि गल्ला मोजा. नेमका त्या फरकाइतकाच पैसा जास्त निघाला, तर ग्राहक खरा. माफी मागून पैसे परत. गल्ला जुळला, तर तसं लिहून सुपरवायझरची सही घ्या. फक्त एक अट आहे. शिफ्ट सुरू होताना गल्ल्यातली रक्कम तुम्ही स्वतः मोजलेली हवी आणि तुमच्या लॉगिनवर दुसऱ्या कुणी बिलं मारलेली नकोत. ही अट पाळलेली नसेल तर ती मोजणी काही सिद्ध करत नाही. कुणाकडून शिकायचंच असेल, तर ज्याचा गल्ला रोज जुळतो त्याच्या शेजारी उभं राहून त्याचे हात बघा.

वापरलेला माल परत आला तर ‘तुम्ही हे वापरलंय’ म्हणू नका, दुसरी तक्रार त्या वाक्यातून उभी राहते. दिसतं ते सांगा: कॉलरवर डाग आहे, टॅग कापलेला आहे. नियमाबाहेर सूट द्यायचीच असेल तर सुपरवायझरने द्यावी, बिलावर सही करून. आरडाओरडा ऐकून तुम्ही स्वतः दिलीत, तर ‘आधी मुद्दाम नाही म्हणाले’ अशी तक्रार येते आणि हिशेबातली तूटही तुमच्याच माथी.

कार्डचं पेमेंट मशीनवर नापास झालं आणि ग्राहक म्हणतो खात्यातून पैसे गेले, तर रोख परत देऊ नका. बँकेने अडकलेली रक्कम नंतर उलटवली की ग्राहकाला पैसे दोनदा मिळतात आणि तोटा दुकानाला. नापास झालेली स्लिप द्या, त्याची प्रत ठेवा.

किंमत वेगळी लागल्याच्या तक्रारीत आधी शेल्फ बघून या. संपलेल्या ऑफरचं लेबल तसंच राहिलेलं असतं, आणि ‘खोटा’ वाटलेला ग्राहक खरा निघतो.

शिवीगाळ सुरू झाली तर एकदाच स्पष्ट सांगा, ‘अशा भाषेत मी बोलू शकणार नाही, सुपरवायझरना बोलावतो,’ आणि दोन पावलं मागे व्हा. दारापर्यंत पाठलाग नको. स्वतःच्या मोबाइलवर ग्राहकाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकलात, तर शंभर टक्के बरोबर असूनही कारवाई तुमच्यावर होऊ शकते.

आणि माफीची ती ओळ आधीच लिहून बसला असाल, तर हातपाय गाळू नका. तारीख घालून पुरवणी खुलासा द्या: ‘आधीच्या पत्रात मी फक्त खेद व्यक्त केला होता, तक्रारीतला प्रकार मला मान्य नाही.’ सोबत त्या दिवशीची नोंद जोडा, तोही कागद त्याच फाइलला लावायला सांगा आणि पोच घ्या.