भाकरी, गूळ आणि रक्तातली चमचाभर साखर: या चुका टाळा

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे ७० ते ९९ मिलिग्रॅम साखर असेल तर ती नॉर्मल. गुणाकार केला की सगळ्या रक्तात मिळून साडेतीन ते पाच ग्रॅम साखर निघते, म्हणजे चहाचा एक चमचा. आता दुपारचं ताट बघा. शाळूच्या दोन भाकरी, वाटीभर इंद्रायणीचा भात आणि मटकीची आमटी एवढ्यातच सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा शेवटी ग्लुकोजच होतो. चमचाभर साखर मावणाऱ्या रक्तातून हा पंचवीस चमचे माल पातळी फारशी न हलवता पुढं न्यायचा, हे शरीराचं रोजचं काम आहे. सातारा-सांगलीच्या खाण्यात ज्या चुका वारंवार दिसतात त्यांतल्या बऱ्याच एका गोष्टीपाशी येतात: माल किती आणि तो कोणत्या वेगानं येतोय, याचा एकत्र विचार होत नाही.

भाकरीचा घास गिळून टाकणं

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक माळा. त्या तोडायला सुरुवात लाळेतला अमायलेज (एक विकर, म्हणजे एन्झाइम) करतो. भाकरीचा घास मिनिटभर चावत राहिलं की तो गोडसर लागतो, ते याचमुळं. जठरातल्या आम्लात हा अमायलेज थंडावतो. जठराकडं स्टार्च तोडणारं स्वतःचं विकर नाही. खरं काम पुढं लहान आतड्यात होतं: स्वादुपिंडातून आलेला अमायलेज माळांचे दोन-तीन मण्यांचे तुकडे करतो, आणि आतड्याच्या अस्तरावरची विकरं त्या तुकड्यांचे सुटे मणी करतात. सुटा झाल्याशिवाय एकही मणी आतड्याच्या भिंतीतून रक्तात जात नाही.

दुधात किंवा आमटीत भाकरी कुस्करून पाच मिनिटांत ताट संपवणाऱ्यांचं दोन्हीकडून नुकसान होतं. न चावलेले मोठे तुकडे साखर सावकाश वाढवतात हे खरं, पण त्यांचा न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, पोट फुगतं, आणि भूक भागल्याचा निरोप मेंदूला पोचायच्या आत तिसरी भाकरी ताटात येते. जेवणाला वीस मिनिटं द्या. काला खायचाच असेल तर तो पातळ करू नका, दातांना काम राहू द्या.

"ज्वारी आहे, कितीही चालते"

माणदेशात, जतला, आटपाडीला पिकणारा शाळू उत्तम धान्य आहे, यात शंका नाही. पण १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि गव्हाच्या पिठात सुमारे ६४. ज्वारी "शुगर फ्री" नाही. फरक वेगात आहे. ज्वारीतल्या स्टार्चच्या कणांभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनाचं वेष्टण असतं आणि शिजवल्यावर ते आणखी घट्ट होतं, त्यामुळं विकरांना आत शिरायला वेळ लागतो. पीठ जितकं बारीक दळाल तितका हा फायदा कमी होतो. गिरणीत जरा भरडसर दळून मागा आणि कोंडा चाळून टाकू नका.

आपली भाकरी किती ग्रॅमची आहे हे बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतं. एकदा चार भाकरींचं पीठ कोरडं तोलून चारनं भागा. ६० ग्रॅम पिठाची भाकरी असेल तर तिच्यात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं आली. हात मोठा असेल आणि भाकरी ९० ग्रॅमची होत असेल तर तीच ६० ग्रॅमवर जाते. डॉक्टरांनी सांगितलेल्या "दोन भाकरी" कुठल्या, हे त्याशिवाय ठरत नाही.

शिळी भाकरी आणि ताक या न्याहारीत थोडं शास्त्रही आहे. शिजलेला स्टार्च गार झाला की त्याचा काही भाग पुन्हा घट्ट रचला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. भाताचंही तसंच होतं. पण हा फायदा माफक आहे, त्याच्या भरवशावर दुप्पट खाऊ नये. भात तर रात्रभर ओट्यावर ठेवूच नका. त्यात जिवाणू वाढून असं विष तयार होतं की जे पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. गार करायचा तर तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

गुळाला साखरेतून वगळणं

ही इकडची सगळ्यांत मोठी चूक. उसाच्या पट्ट्यात गुळाबद्दल माया असणं साहजिक आहे, पण गुळाचा बहुतांश भाग साखरेत असतं तेच सुक्रोज असतो, सोबत थोडं सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. लोह आणि क्षार असतात, पण चमचाभर गुळातून मिळतात ते नगण्य. आतड्याच्या अस्तरावरचा सुक्रेज गुळातलं सुक्रोज तोडताना ते साखरेच्या पोत्यातून आलं की गुळाच्या ढेपेतून, हा फरक करत नाही. मधुमेह असलेल्यानं साखरेचा चहा सोडून दोन खडे गुळाचा चहा धरला तर मीटरवर काही सुधारत नाही. उलट "गूळ चालतो" म्हणून दिवसाला दोन कप वाढतात. काकवीचंही हेच.

उसाच्या रसाचा हिशोब शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. साखर उतारा ११-१२ टक्के म्हणजे १०० किलो उसातून ११-१२ किलो साखर, आणि त्या शंभर किलोत चिपाडही आलं. नुसत्या रसात साखरेचं प्रमाण त्याहून जास्त, पिकलेल्या उसात साधारण १४-१५ टक्के असतं. २०० मिलिलिटरच्या पेल्यात मग ३० ग्रॅमच्या घरात साखर येते, म्हणजे सहा चमचे. तंतू रसवंतीच्या घाण्यात चिपाडाबरोबर गेलेले असतात, त्यामुळं ती आतड्यात झपाट्यानं शोषली जाते. सुक्रोजचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृताकडं जातो आणि रोज जास्त झाला तर तिथं चरबी साठायला मदत करतो. ऊस दातानं सोलून चघळणं आणि पेला घशाखाली रिकामा करणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

तासगावच्या बेदाण्याचंही असंच. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, साखर राहते. ३० ग्रॅमच्या मुठीत सुमारे २० ग्रॅम साखर असते. दहा-बारा दाणे मोजून घ्या, शेंगदाण्याबरोबर खा. डब्यातून येता-जाता तोंडात टाकू नका.

गोड नाही म्हणजे साखर वाढणार नाही

सांगलीचं भडंग हलकं लागतं, म्हणून ते पोटालाही हलकं मानलं जातं. चुरमुरा म्हणजे उष्णतेनं फुललेला तांदूळ. फुलताना स्टार्चची रचना मोकळी होते आणि अमायलेजला तो आयता मिळतो, त्यामुळं साखर भराभर वर जाते. भडंगातले शेंगदाणे आणि तेल तो वेग थोडा कमी करतात. शेंगदाणे वाढवा, वाटी लहान घ्या.

एकादशीचा साबुदाणा याहून चढा. तो टॅपिओका या कंदाचा स्टार्च आहे, प्रथिनं आणि तंतू जवळजवळ शून्य. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात. उपवास म्हणून खिचडी, त्यावर बटाटा, संध्याकाळी वरईचा भात असं झालं की तो दिवस इतर कुठल्याही दिवसापेक्षा जास्त स्टार्चचा होतो. उपवास मोडायला नको. खिचडी एका वेळेपुरती अर्धी वाटी ठेवा, दाण्याची आमटी, ताक, काकडी वाढवा, आणि बटाट्याऐवजी रताळं सालासकट उकडून घ्या.

भात आधी, भाजी शेवटी

जठराच्या खालच्या टोकाशी, आतड्याकडं जाताना, पायलोरस नावाची झडप आहे. शेतात दारं धरणारा माणूस जसा वाफ्याला झेपेल तेवढंच पाणी सोडतो, तशी ती पुढं माल सोडते. तेल, प्रथिनं आणि तंतू आधी पोचले असतील तर ती जपून उघडते. रिकाम्या पोटी नुसता भात गेला तर तो लवकर पुढं सरकतो. म्हणून कोशिंबीर, मेथी-चाकवताची भाजी, उसळ किंवा अंडं यांचे पहिले काही घास, मग भाकरी, आणि भात शेवटी. तेवढ्याच अन्नावर साखरेचा शेंडा खाली राहतो.

जेवून लगेच आडवं होणं टाळा. विश्रांती घेणारा स्नायू ग्लुकोज आत घ्यायला इन्शुलिनची वाट बघतो, आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनशिवायही दार उघडतो. जेवणानंतर १०-१५ मिनिटं सावलीत चाला, मग पडा.

भाकरी एकदम बंद करणं

शोषलेला ग्लुकोज आधी यकृतात जातो. यकृत साधारण १०० ग्रॅम, तर सगळे स्नायू मिळून सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवणीसाठी जोडलेला ग्लुकोज) साठवतात. यकृत आपला साठा रात्री रक्ताला परत देतं, स्नायू मात्र देत नाहीत. ते सोडवणारं विकर त्यांच्याकडं नसतं, त्यांचा साठा त्यांच्याच कामासाठी. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतो. भाकरी-भात बंद केला की पहिल्या आठवड्यात दोन किलो वजन उतरतं आणि माणूस खूश होतो. पण ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, आणि सुरुवातीला जातं ते बरंचसं हेच पाणी. चरबी अजून जागच्या जागी असते.

धोका मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांना आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या ताटावर बेतलेली असते. ताट अर्धं केलं आणि गोळी तीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाते. आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या.

कडधान्यानं गॅस होतो म्हणून ते सोडणं

कोरेगावचा वाघ्या घेवडा, हुलगा, मटकी यांचा स्टार्च सावकाश पचतो, त्यामुळं साखरेच्या दृष्टीनं हे ताटातले सर्वांत कामाचे दाणे. गॅस होतो तो त्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळं. त्या तोडणारं विकर आपल्या आतड्यात नसतं, म्हणून मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात. ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी ओतून टाका, नव्या पाण्यात शिजवा. मोड आणले तर या शर्करा आणखी कमी होतात. दोन चमच्यांपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वाटीपर्यंत जा. घेवडा मात्र कधीही अर्धाकच्चा ठेवू नका. त्यातल्या विषारी प्रथिनानं उलट्या-जुलाब होतात, ते घालवायला किमान दहा मिनिटं खळखळून उकळी लागते.

दुधानं पोट बिघडत असेल तर कारण दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज हे विकर कमी होणं हे असू शकतं. दही-ताक बहुतेकांना सोसतं.

जुलाबात साखरेचं गोड पाणी देणं

आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज मुख्यतः सोडियमचा हात धरून आत जातो, आणि त्या दोघांमागोमाग पाणी. जलसंजीवनी यावरच चालते. १ लिटर स्वच्छ पाण्याला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. "ताकद यावी" म्हणून साखर वाढवली तर ती आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. पाकीट असेल तर तेच वापरा, त्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यात, सगळं एकदम.

मोजताना होणाऱ्या चुका

जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. बोट टोचण्याआधी साबणानं हात धुवून कोरडे करा. गूळ फोडल्यावर किंवा द्राक्षं खाल्ल्यावर बोटावर राहिलेला अंश आकडा खोटा वाढवतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची चाचणी असेल तर आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. चांगला रिपोर्ट यावा म्हणून भाकरी सोडून गेलात तर शरीर एवढा ग्लुकोज हाताळायची सवय विसरलेलं असतं आणि आकडा उलट वर येतो.

शुगर उतरली आणि खिशातून पेढा काढला

दरदरून घाम, हातांना कंप, भूक, बोलण्यात गोंधळ आणि मीटरवर ७० पेक्षा कमी. अशा वेळी साताऱ्याचा कंदी पेढा पुढं केला जातो. तो गोड आहे, पण खव्यातली चरबी जठर रिकामं होऊ देत नाही, आणि इथं एकेक मिनिट मोलाचं असतं. अर्धा पेला पाण्यात ३ चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, ग्लुकोज पावडर किंवा साखर विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. आकडा वर आला की मग अर्धी भाकरी किंवा दूध-पोळी.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेणाऱ्याला साखर उपयोगी पडत नाही. या गोळ्या सुक्रेजलाच अडवतात, साखर तुटायलाच वेळ लागतो. त्यांच्या घरात आणि खिशात ग्लुकोजच हवा. औषधाच्या पाकिटावर ही नावं आहेत का ते आजच बघून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइड घेणारा सावरला तरी त्याला रात्री एकटं झोपू देऊ नका. त्या गोळीचा अंमल लांबतो, साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. रात्रीतून दोनदा उठवून मोजा.