आगोटीची बेगमी: गाडी आणि घराचा विमा

मे महिन्यात आमच्याकडे चिपळुणात आमसुलं, पापड, सुकी मासळी डब्यांत जाते आणि घरं शाकारली जातात. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्या घरी या बेगमीत एका कामाची भर पडली. गाडीची आणि घराची पॉलिसी कपाटातून बाहेर काढून एक अख्खी दुपार वाचत बसायचं, तेही मिरगाआधी. वाशिष्ठी चढायला लागल्यावर कोण पॉलिसी वाचणार?

आधी गाडीची घ्या. पहिल्या पानावर बघा, ती नुसती थर्ड पार्टी आहे की तुमच्या गाडीच्या नुकसानीचीही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीची आहे ती थर्ड पार्टी. तिच्यात तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून मिळतं. तुमची गाडी वाहून गेली तर छदाम नाही. चारचाकी सप्टेंबर 2018 नंतर नवी घेतलेली असेल तर इथे घोळ ठरलेला. थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची असते, नुकसानीचा भाग बहुतेकदा एकाच वर्षाचा. ‘तीन वर्षांचा विमा आहे की’ म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात गाडी उघडी पडते. म्हणून दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा.

मग आयडीव्हीचा, म्हणजे कंपनीने धरलेल्या गाडीच्या किमतीचा, आकडा शोधा. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च या आकड्याच्या 75 टक्क्यांपलीकडे गेला, तर हातात येणारी रक्कम त्यावरूनच ठरते. नव्या गाडीच्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के घसारा जातो, चौथं वर्ष उलटल्यावर 50. एखाद्या कंपनीचा हप्ता फारच कमी वाटला तर एजंटाला पहिला प्रश्न हाच विचारा, आयडीव्ही किती धरलीत? कितीदा तरी तीच खाली ओढलेली असते. झिरो डेपचं, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापण्याच्या जादा कलमाचं, गणित सोपं आहे. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के कापतात, म्हणजे 12,000 रुपयांच्या बंपरमागे 6,000 तुमचे. गाडी नवी असेपर्यंत झिरो डेप घ्यावा असं माझं मत.

इंजिन प्रोटेक्टवर, म्हणजे पाण्याने बिघडलेलं इंजिन भरून देणाऱ्या जादा कलमावर, मात्र मी अडून बसते. 2021 ला पाणी ओसरल्यावर आमच्या पार्किंगमधल्या गाडीला मी भाबडेपणाने स्टार्टर मारला. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान बसतं, पण भिजलेलं इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान ‘मागाहूनचं’ म्हणून बाहेर काढतात. आमचंही तसंच निघालं. सर्व्हेअरने सीट, गालिचे, वायरिंग धरलं आणि इंजिनाचं बिल आमच्या माथी आलं. तेव्हा हे कलम मागून घ्या, आणि घेतलं असलं तरी बुडालेल्या गाडीला चावी लावू नका. बॅटरीची तार काढा आणि टोइंगवाल्याला बोलवा.

आरसी बुक शेजारी धरून दोन गोष्टी जुळवा. सीएनजी किट मागाहून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर हवी. आणि गणपतीत चाकरमान्यांना स्टेशनवरून आणायला खाजगी नंबराची गाडी भाड्याने पिटाळत असाल तर त्या फेरीतल्या अपघाताला कंपनी हात वर करू शकते. आमच्या भागात हे सर्रास चालतं, म्हणून स्पष्ट सांगते. जुनी गाडी घेतली असेल तर पॉलिसी 14 दिवसांत नावावर करून घ्या. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीबरोबर येत नाही, ती माणसाची असते. बिनक्लेमच्या पाच वर्षांनी ती 50 टक्क्यांवर पोचते, आणि नूतनीकरण 90 दिवस लांबलं की बुडते. म्हणून 4,000 रुपयांच्या डेंटसाठी क्लेम करण्याआधी पुढच्या वर्षीचा हप्ता किती चढेल ते विचारा.

आता घर. कर्ज काढताना ‘विमा काढलाय’ असं बँकेत ऐकलं असेल तर तो कागद आजच शोधा. बहुतेकदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा निघतो, भिंतींचा नाही. घरासाठी 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मजकुराची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. आग, वीज, पूर, वादळ, दरड, भूकंप, सगळं तिच्यात आहे. ‘निसर्ग’ चक्रीवादळात झालं तसं माड कौलांवर कोसळला तरी चालतं. नुसती चोरी नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. भिंतीला वर्षानुवर्षं धरलेली ओलही नाही, तो आपलाच भोग.

रक्कम ठरवताना बाजारभाव विसरा. जमीन वाहून जात नाही. कार्पेट एरियाला बांधकामाच्या दराने गुणा. 800 चौरस फूट आणि दर 2,000 धरला तर 16 लाख. घरातलं सामान त्याच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप धरलं जातं, इथे 3 लाख 20 हजार. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, कपाटं, गाद्या जोडून बघा. कमी पडत असेल तर सामानाची यादी देऊन वाढवून घ्या. दागिन्यांचं संरक्षण वेगळं मागावं लागतं. भाडेकरूंनी फक्त सामानाचा विमा घ्यावा. सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींकडून इमारतीच्या पॉलिसीची प्रत मागा. आदर्श उपविधींप्रमाणे आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीने काढायचा असतो, पण त्यात पूर आहे का ते वाचा. तुमचा सोफा तर नसतोच.

यादी झाली की मोबाईल घेऊन घरभर फिरा. प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट उघडून व्हिडिओ करा, बिलांचे फोटो काढा, आणि सगळं दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पुरानंतर चिखल काढायची घाई होतेच, वासाने जीव नको होतो. तरी आधी कंपनीला कळवा, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेली वस्तू टिपून घ्या, मगच खराटा हातात घ्या. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत आणि फी नाही.

आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाका. आमचे कपाटाच्या खालच्या खणात होते.