फार्म ब्युरोचा हेल्थ प्लॅन घेताय? सही करायच्या आधी हे बघा

अमेरिकेत टेनेसी, टेक्सास, आयोवा, कॅन्सासकडे राहणाऱ्या आणि स्वतःचा धंदा करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. कंपनीचा इन्शुरन्स नसला की कोणीतरी हमखास सांगतं, फार्म ब्युरोचा प्लॅन घे, स्वस्त पडतो. तब्येत ठणठणीत असेल तर पडतोही, पण का पडतो ते समजून घ्या.

फार्म ब्युरो म्हणजे शेतकऱ्यांची संघटना, पण शेती नसली तरी बऱ्याच ठिकाणी फी भरून मेंबर होता येतं. टेनेसीने १९९३ मध्ये कायदाच केला की या संघटनेचं हेल्थ कव्हर इन्शुरन्स धरायचं नाही, मग आयोवाने २०१८, कॅन्सासने २०१९ आणि टेक्सासने २०२१ मध्ये तशीच सूट दिली. आता इन्शुरन्सच नाही म्हटल्यावर, जुना आजार बघून नाकारायचं नाही हा २०१४ पासूनचा नियम इथे लागूच होत नाही. आजारी माणसांना नाकारता येतं, म्हणून हप्ता कमी.

म्हणून आधी हेल्थकेअर डॉट गव्हवर, म्हणजे इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी मार्केटप्लेसच्या साइटवर, आपलं उत्पन्न टाकून सबसिडीनंतरचा हप्ता किती येतो तो बघा, मगच तुलना करा. फार्म ब्युरोच्या फॉर्ममध्ये शुगर, बीपी, जुनी ऑपरेशनं सगळं विचारतात, तिथे खरं तेच लिहा, भारतात झालेलं ऑपरेशनसुद्धा, कारण लपवलेलं नंतर निघालं तर बिल तुमच्याच गळ्यात पडू शकतं. बाळंतपण, महागडी औषधं, जुन्या आजाराला किती महिने थांबायचं, वर्षाला खर्चाची मर्यादा आहे का, हे फोनवर नाही तर लेखी मागा. क्लेम नाकारला तर अपील कुणाकडे करायचं तेही विचारा, राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे धाव घ्यायची सोय इथे सहसा नसते.

आणि कळकळीने सांगते, मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय चालू पॉलिसी बंद करू नका. अर्ज नाकारला गेला किंवा हा प्लॅन मधेच सुटला तर तेवढ्या कारणाने मार्केटप्लेसचं दार उघडत नाही, मग १ नोव्हेंबरला एनरोलमेंट सुरू होईपर्यंत थांबायचं आणि कव्हर मिळणार ते जानेवारीत. घरात कुणाला शुगर असेल किंवा बाळाचा विचार चालू असेल तर मी तरी मार्केटप्लेसचाच प्लॅन घ्या म्हणेन, हप्ता थोडा जास्त गेला तरी.