संदर्भसूचीतल्या या चुका टाळा

प्रबंध हातात आला की मी आधी शेवटची पानं उघडतो. प्रस्तावना सगळ्यांचीच बरी असते. माणसानं काम कसं केलंय ते संदर्भसूचीत कळतं. आणि दर वेळी तिथे त्याच त्या चुका भेटतात.

सगळ्यांचं मूळ एकच: "सूची काय, शेवटी बसून करू." शेवटी म्हणजे जमा करायच्या आदल्या रात्री. तोवर एखादं वाक्य कुठल्या पानावरून उचललं ते आठवत नाही, लेखाची पीडीएफ 'डाउनलोड (७)' अशा नावाने पडलेली असते, आणि मग कुठून तरी तयार नोंद उचलून चिकटवली जाते. माझी सवय साधी आहे: पीडीएफ उघडली की आधी झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंद, मग वाचन. अवतरण उतरवून घेतलं की पुढे लगेच पान क्रमांक.

घाई कुठवर नेते त्याचा एक नमुना. एका संशोधक विद्यार्थिनीच्या प्रबंधात एकाच लेखकाचे २०१९ मधले दोन लेख होते. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत अशा वेळी वर्षाला ए, बी अशी अक्षरं जोडतात, तीही लेखाच्या शीर्षकाच्या वर्णक्रमानुसार. सॉफ्टवेअरनं ते बिनचूक केलं होतं. पण वर्डमध्ये एक ओळ वाकडी दिसत होती म्हणून बाईंनी 'अनलिंक सायटेशन्स' दाबून सगळ्या संदर्भांचा साधा मजकूर करून टाकला. पुढे गाइडनी त्याच लेखकाचा त्याच वर्षीचा तिसरा लेख घालायला सांगितला. त्याचं शीर्षक वर्णक्रमात सगळ्यात आधी येत होतं. सूचीत तो ए झाला, जुना ए झाला बी आणि बी झाला सी. सूची हाताने दुरुस्त झाली. प्रकरणांच्या आतली अक्षरं मात्र होती तशीच राहिली. बहिःस्थ परीक्षकांनी नेमका '२०१९ए' काढून वाचला. प्रबंधात ज्या दाव्याला तो आधार म्हणून दिला होता, त्याच दाव्याचं त्या लेखात खंडन होतं. तोंडी परीक्षेचा बराचसा वेळ त्या एका अक्षरात गेला.

संदर्भांचे सॉफ्टवेअरशी असलेले दुवे असे तोडायचेच असतील तर सगळ्यात शेवटी, आणि फाइलच्या प्रतीत. मूळ फाइलला हात लावू नका. त्यानंतर सूची छापून घ्या, प्रकरणं वाचत जा आणि संदर्भ आला की सूचीत त्याच्यापुढे पेन्सिलीने टिक करा. टिक न झालेली नोंद मजकुरात नाही, म्हणून सूचीतूनही जाईल. मजकुरात आहे पण सूचीत नाही, ती शोधून आणायची. हे काम स्क्रीनवर होतं असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांच्या सूच्या मी पाहिल्या आहेत.

सॉफ्टवेअर वापरा, पण त्याच्या हाती कारभार सोपवू नका. 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' नावाचे लेखक मला दर वर्षी भेटतात. ही जागतिक आरोग्य संघटना! संस्थेचं नाव नाव-आडनावाच्या दोन रकान्यांत गेलं की असं होतं. झोटेरोत लेखकाचा रकाना एकच करायची सोय आहे, एका क्लिकचं काम. शीर्षक सगळं कॅपिटल अक्षरांत आलं असेल तर तेही नोंदीतच सुधारा, वर्डमध्ये नको. पुढच्या अपडेटला वर्डमधली दुरुस्ती पुसली जाते.

न वाचलेला लेख सूचीत घालणं याला मी चूक म्हणत नाही, लबाडी म्हणतो. एल्सेव्हियर या जर्नल-प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांत नोंद कशी लिहावी हे दाखवायला एक काल्पनिक लेख रचला होता. तो अस्तित्वातच नव्हता, तरी शेकडो शोधनिबंधांच्या सूचीत जाऊन बसला. काहींनी नमुना पुसला नाही, बाकीच्यांचं त्यांनाच ठाऊक. आता चॅटबॉट असे लेख मागाल तितके घडवून देतात, लेखक, खंड आणि पृष्ठांसकट. मूळ लेख हाताशी नसेल तर ज्याच्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचलात त्या पुस्तकाचा संदर्भ द्या आणि तसं स्पष्ट लिहा.

किरकोळ बाबी. एपीएच्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव लिहीत नाहीत. जुन्या प्रबंधावरून नक्कल केली की ते हमखास येतं. तीन किंवा अधिक लेखक असले की मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून 'एट अल.' (आणि इतर), सूचीत मात्र विसापर्यंत सगळी नावं. आयट्रिपलई या अभियांत्रिकीतल्या पद्धतीत संदर्भांचे क्रमांक मजकुरात येण्याच्या क्रमाने लागतात. ती सूची वर्णक्रमाने लावून वर क्रमांक देणाऱ्यांना काय म्हणावं? जर्नलनं सांगितलेली पद्धत सोडून आपल्या आवडीची वापरू नका. हँगिंग इंडेंट (नोंदीची पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळी आत सरकवणं) स्पेसबार दाबून करू नका.

एपीएत डीओआयच्या (लेखाच्या कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांकाच्या दुव्याच्या) शेवटी पूर्णविराम देत नाहीत, कारण तो दुव्याला चिकटला तर दुवा उघडत नाही. सूची झाली की मी प्रत्येक डीओआयवर क्लिक करून पाहतो. काम कंटाळवाणं आहे, पण मधेच एखादा दुवा भलत्याच विषयाच्या लेखावर नेतो आणि झोप उडते.